तांबं धरणारा

"बंडा, आलास व्हय रं? ये, तांबं धर."

शिवतेज शेडच्या दारातच थबकला. आबांनी मान वळवली होती खरी, पण तोंडावर वेल्डिंगचं हेल्मेट होतं. दारात पोत्यावर पसरलेल्या कुत्र्यानं एक कान उचलला आणि परत टाकला.

आईनं फोनवर सांगितलंच होतं. "तुझ्या आबास्नी आता हातातलं तेवढं दिसतंय, दारातला माणूस वळखू येत न्हाई. सोमवारी मिरजेला मोतीबिंदू काढायचाय. ये की रं एकदा." म्हणून तर तो आला होता. साताऱ्याहून आटपाडी म्हणजे तीन तासांची वाट. ती तुडवायला त्याला सहा वर्षं लागली.

'आबा, मी शिवतेज.' हे एवढंसं वाक्य त्यानं विट्यापासून घोकत आणलं होतं. ते त्यानं दारातच सोडलं. कुत्र्याला ओलांडून तो आत गेला आणि गुमान बॉनेटच्या मागं जाऊन उभा राहिला.

नानासो सुभेदारांच्या जुन्या जीपचं बॉनेट. आधीच्या मालकांनी दिवे आणि पाट्या ठोकायला त्याची पार चाळण केली होती. आबांनी ते उतरवून उभं केलं होतं आणि एकेक भोक बुजवत होते. आबा अलीकडं, शिवतेज पलीकडं, मधे पत्रा.

तांबं म्हणजे आईच्या फुटक्या बंबाचा ठोकून सपाट केलेला तुकडा. तो भोकाच्या मागून दाबून धरायचा. वितळलेलं लोखंड तांब्याला चिकटत नाही, भोकातच बसतं. नीट धरलं की पत्र्यावर दोनदा वाजवायचं, मग आबा टाका मारणार. शिवतेज दहा वर्षांचा असल्यापासून हेच करत आला होता.

"डाव्या हाताचा मोजा पेटीवर हाय बघ," आबा म्हणाले.

म्हणजे हा बंडाही डावखुराच! न पाहिलेल्या त्या माणसाचा शिवतेजला उगाचच राग आला. आपला मोजा, आपलं तांबं, आपली जागा, सगळंच बळकावून बसलाय की लेकाचा.

त्यानं मोजा चढवला, तांबं दाबलं, ठिणग्यांपासून तोंड फिरवलं. टकटक.

चर्र. एक टाका. आबा थांबले. पत्रा पातळ, तो निवेपर्यंत दुसरा टाका मारायचा नसतो.

"आज कशात मन लागंना बघ, बंडा," आबा म्हणाले. "पोराची लय याद येतीया."

पलीकडं तांबं हललं.

"नीट धर, गड्या. घाई केली की बारकं भोक मोठं हुतंय. शिवतेजला हेच तर शिकवत हुतो. त्यानं घाई केली, गिऱ्हाइकाचा पत्रा जाळला, आन् मी चार लोकांत त्याच्या कानाखाली काढली. वीस वर्साचं पोर. पत्र्याचं काय, दुसरा मिळाला असता. खरी घाई मीच केली."

चर्र. टाका. परत थांबणं.

शिवतेजला वाटत होतं, म्हातारा आपलं नावही काढत नसेल. याच समजुतीवर त्यानं साताऱ्याच्या कारखान्यात सहा वर्षं काढली होती. दर शनिवारी स्टँडवर जायचं, आटपाडीची एसटी भरताना बघायची, ती सुटली की खोलीवर परत यायचं. घर आठवून जीव नुसता तुटायचा.

"फोन का न्हाई केला म्हनशील. नंबर काढायचो रं. अंगठा तिथंच ऱ्हायचा. बापाचं तोंड लय जड असतंय बघ. तू हाईस म्हनून दिवस जातोय. समदं ऐकतोस, उलटून एक शबुद बोलत न्हाईस."

हा बंडा असा कोण लागून गेला, की आबांनी त्याच्यापाशी मन मोकळं करावं आणि पोटच्या पोरापाशी नाही? आत्ताच पुढं व्हावं, पाय धरावेत, असं शिवतेजला दहादा वाटलं. पण मी बंडा नाही म्हटल्यावर हे तोंड परत मिटलं तर? त्यापेक्षा बंडाच बरा. निदान ऐकायला तरी मिळतंय.

शेवटचं भोक राहिलं. त्यातून आबांच्या सदऱ्याचं एक बटण तेवढं दिसत होतं. चार टाके पडले आणि तेही दिसेनासं झालं.

आबांनी हातातली वेल्डिंगची गन खाली ठेवली.

"सोमवारी मिरजेला जायाचंय. म्हातारी एकटी घाबरंल. पोरगं यील का रं संगं? तुला काय वाटतंय, बंडा?"

आता भोक एकही उरलं नव्हतं. तांबं धरायचं काही कारण नव्हतं. शिवतेजनं बोटं वळली आणि पत्र्यावर दोनदा वाजवलं.

टकटक.

आबांच्या बाजूनं हेल्मेट खिळ्याला अडकवल्याचं ऐकू आलं. मग नळाचं पाणी. मग भाकरीचं फडकं सोडल्याचा आवाज.

शिवतेजनं मोजा काढला, डोळे पुसले. काय व्हायचं ते होऊ दे, म्हणत तो बॉनेटच्या आडून बाहेर आला.

"आबा," तो म्हणाला, "मी बंडा न्हाई."

आबांनी वर पाहिलंच नाही. भाकरीचा चतकोर मोडला आणि दाराकडं तोंड करून हाक मारली, "बंडा!"

पोत्यावरचं कुत्रं उठलं, अंग झाडलं आणि शेपूट हलवत भाकरीला आलं.