अर्धा फेरा

भंगारातल्या ट्रकचा जॅक आणून माणिकनं भरवेली या खाणीच्या गावातल्या घरी, अंगणात, लाकडं फोडायची मशीन जोडायला घेतली होती. ती पुरी व्हायच्या आतच काविळीनं त्याला नेलं. त्याच्या वडिलांनी, म्हणजे सुनंदाच्या सासऱ्यांनी गुणाकरमामाजींनी, खाटच धरली. मग एका सकाळी ते आपणहून उठले आणि पाना घेऊन मशीनपाशी बसले.

"सूनबाई, तेल गळून राह्यलं वं. दट्ट्या अर्ध्या लाकडातच अडते. एखांदा वायसर पाह्य बरं."

सुनंदानं वायसरची चकती शोधून दिली. त्या दिवशी मामाजी पोटभर जेवले.

मशीन दुरुस्त झाली की हा माणूस पुन्हा खाट धरेल, या धास्तीनं ती रोज दुपारी, त्यांचा डोळा लागला की, तेलाच्या पाइपाचा नट अर्धा फेरा ढिला करून ठेवू लागली. रोज तेल गळे. मामाजी म्हणत, "जन्मभर खाणीत फिटर होतो, अन् हे मशीन मले हसून राह्यलं." नवरा गेल्यापासून मुकी झालेली सुनंदा त्यांना पाने देता देता चार शब्द बोलू लागली, एकदा तर हसलीही.

आज तिचं बाळ तापलं होतं. त्याला खांद्यावर घेऊन ती दुपारभर घरातच फिरत राहिली. नटाकडे जायला जमलंच नाही.



खिडकीतून तिला दिसलं, मामाजी दबक्या पावलांनी मशीनपाशी आले, त्यांनी स्वतःच नट अर्धा फेरा ढिला केला आणि हाक मारली, "सूनबाई, पोराले घेऊन बाहीर ये वं. तुह्याबिगर हे गळणं थांबत नाही."