झऱ्याच्या वरच्या अंगाला

संडासाची पेटी रिकामी करून आर्मां शीळ घालत परत आला आणि त्याच हातांनी त्याने कॉफीचा मग उचलला.

"इतक्यात झालं?" सोलांजने विचारलं. कॅम्परगाडीतला मैला ओतायची सोय गावच्या चौकात होती, आणि चौक काही जवळ नव्हता.

"कोण जातंय तिथवर? इथेच झाडांमागे उरकलं."

"झाडांमागे कुठे?"

"निसर्गात गं! गाई काय संडास शोधत फिरतात?" आपल्याच विनोदावर तो खो खो हसला.

नॉर्मंडीभर फिरताना सोलांजने नवऱ्याचं बरंच काही पोटात घातलं होतं. तो भांडी धुवायच्या बेसिनमध्ये नखं कापायचा. शेतकऱ्यांच्या आवारात फुकट मुक्काम करायचा, आणि निघताना यजमानाशी दोन शब्द बोलायची एवढी साधी रीत, तीही पाळायला नको म्हणून उजाडताच गाडी पळवायचा. हे मात्र तिच्या पोटात राहीना. ती उठून झाडांमागे गेली.

तिथे झरा होता. पाणी इतकं नितळ की तळाचा खडा न् खडा दिसावा. काठावरचं गवत आडवं झालं होतं, त्यावर पेटीत घालायच्या निळ्या औषधाचा फेस थरथरत होता, आणि एका मुळाला गुलाबी कागदाचा कपटा अडकला होता. कागद तिच्याच पसंतीचा होता. पाणी तिथून वळसा घेऊन थेट खालच्या वाफ्यांत शिरत होतं. त्या वाफ्यांत रबरी बूट घालून त्यांची यजमानीण मादाम ब्रुएल वाकून क्रेसों कापत होती. पाण्यात वाढणारा हा तिखटसर पाला, तोच तिचा धंदा.

सोलांज तोंडावर हात धरून परतली. "आर्मां, ते पाणी तिच्या भाजीत जातं."

"ओरडू नकोस. वाहतं पाणी आहे, एव्हाना समुद्राला मिळालंसुद्धा असेल."

"तिला सांगायला हवं. ती बाजाराला निघालीय."

"खुळी आहेस का तू? अशी शोभा करून घ्यायची? चल, आवर."

पण मादाम ब्रुएल त्यांच्या गाडीबाहेरच्या टेबलाजवळ येऊन ठेपली होती. हिरव्यागार जुड्यांचा खोका तिने आपल्या गाडीत चढवला आणि एप्रनला हात पुसत ती म्हणाली, "काही न खाता माझ्या दारातून जायचं नाही हं. बसा बघू!"

तिने पाव आणला, खारं लोणी आणलं आणि ताज्या पाल्याने भरलेला वाडगा मधोमध ठेवला.

"आत्ता कापलाय. असाच खा, कच्चा. झऱ्याच्या वरच्या अंगाला आम्ही मेंढीसुद्धा फिरकू देत नाही. एक लेंडी पाण्यात पडली की किडे पाल्याला चिकटतात आणि माणसाचं यकृत पोखरतात. तिथे फक्त पाहुण्यांना उतरवते मी. सावली छान आहे, आणि माणसांची कसली आलीय भीती?"

"वा, मादाम, तुमच्यासारख्या लोकांमुळेच हा देश टिकलाय!" असं म्हणत आर्मांने पाल्याची मूठ पावात कोंबली आणि मोठा घास घेतला.

सोलांज बघत राहिली. त्याचा जबडा हलत होता. ओठाच्या कोपऱ्यातून हिरवा रस ओघळला, तो त्याने जिभेने टिपला. त्या पाल्यावरून काय वाहून गेलंय हे या माणसाला ठाऊक होतं, आणि तरी तो मिटक्या मारत होता. टेबलाखाली त्याने तिच्या पायावर पाय दाबला: खा. पाल्यापेक्षाही त्या जबड्याची तिला शिसारी आली, आणि याच तोंडाचे मुके आपण वर्षानुवर्षं घेतले हे आठवून आणखीच आली.

"तुम्ही नाही घेत, मादाम?" ब्रुएलबाईने तिला विचारलं. "पोटुश्या बाया मुद्दाम मागून नेतात हो माझ्याकडून. डोळे झाकून खातात."

सोलांजने ताटली बाजूला सारली.

"मादाम, त्या जुड्या विकू नका. ह्याने आमच्या संडासाची पेटी तुमच्या झऱ्यात ओतलीय. झाडांमागे जाऊन बघा, कागद अजून मुळाला लटकलाय."

मादाम ब्रुएलचा पाव कापणारा हात थांबला. तिने एकदा सोलांजकडे पाहिलं, मग आर्मांकडे.

आर्मां मोठ्याने हसला. "हिला चेष्टेची भारी खोड! अहो मादाम, तसं काही असतं तर मी हे खाल्लं असतं का?"

मादाम ब्रुएल सुरी ठेवून उठली. झाडांमागे गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने गाडीतला खोका उतरवला आणि धाडकन आर्मांपुढे आदळला.

"मग घ्या की, मस्यू," ती म्हणाली. "आवडलाय ना? आज हा कुठेच जाणार नाही. सगळा तुमचाच."

आर्मांने बायकोकडे पाहिलं. एवढी एकदा सांभाळून घे, असं त्याचे डोळे म्हणत होते. सोलांजने नजर हलवली नाही.

त्याने वरची जुडी सोडली, एक काडी दातांत धरली, आणि शक्य तितक्या खुशीत तो म्हणाला, "थोडं मीठ मिळेल?"