सरकारी सूर

आमच्या कोतवालाला लाजच नाही. फुकटात पुढच्या बाकावर बसायचं, मांडीवर कुलूप ठेवायचं आणि नटांच्या ओठांवर नजर रोखायची. पॅरिसच्या जत्रेत आम्हा खेळवाल्यांना बोलायची बंदी राजाच्या नाटकवाल्यांनी आणली, गायची ऑपेरावाल्यांनी. ओठ हलले की दाराला कुलूप. म्हणून आम्ही गाण्याचे शब्द लिहिलेली पाटी वरून सोडतो, ओळखीच्या चालीवर प्रेक्षकच गातात. आज सूनबाईनं पाटी उलटी सोडली. अक्षरओळख तिलाही नाही, मलाही. व्हायोलिन वाजत राहिलं, कुणाला वाचता येईना. रंगमंचावरचा माझा लेक आता तोंड उघडणार, इतक्यात मान वाकडी करून वाचणारा कोतवालच खड्या आवाजात गाऊ लागला. मागोमाग सगळे गायले. कडवं संपताच तो भानावर आला नि कुलूप घेऊन उठला. “बाई, इथं गाणं झालंय.” मी म्हटलं, “साहेब, गायलं ते सरकार. कुलूप लावायचंच तर स्वतःच्या तोंडाला लावा.”