माणसाची चौकट

माणूस कुठल्या चौकटीत टाकायचा, यावरून दोन्ही डॉक्टर सकाळीच हमरीतुमरीवर आले होते आणि शाल्मलीचं डोकं उठलं होतं. माकडतापाची सगळी माहिती तिला संगणकाला समजेल अशी मांडायची होती. प्रत्येक गोष्टीला चौकट, प्रत्येक संबंधाला बाण. गोचीड माकडाला चावते, तीच माणसाला चावते, इतकं सरळ!

"माणूस प्राण्यांतच येतो," गुरांचे डॉक्टर सबनीस म्हणाले.

"मग माझे पेशंट गोठ्यात बांधू का?" माणसांचे डॉक्टर खानविलकर कडाडले.

तेवढ्यात पोलीसपाटील गवसांचा फोन आला. काजूच्या बागेत माकड मरून पडलं होतं.

"प्राणी आहे, तुमचं काम," खानविलकर म्हणाले. सबनीसांनी ते वनखात्यावर ढकललं, वनखात्यानं आरोग्यखात्यावर. शाल्मलीनं कपाळावर हात मारला. मेलेल्या माकडावरच्या गोचिडी लगेच नवं अंग शोधतात, हे तिला याच दोघांनी शिकवलं होतं.

दुपार टळली तरी कुणी हललं नाही. शेवटी तिनंच गवसांना फोन लावला.

"आता कोणाक धाडू नकात, मॅडम," ते समाधानानं म्हणाले. "वाट बघून दमलव. मारुतीरायाक उघड्यार कसो ठेवूचो? तिरडी बांधली, अख्ख्या वाडीन खांदो दिलो."

शाल्मलीनं माकडापासून थेट माणसापर्यंत बाण ओढला, त्यावर 'खांदा दिला' असं लिहिलं आणि गाडीची किल्ली दोघांसमोर आपटली.

"उठा आता. पेशंट अख्खी वाडी आहे."