पिल्लाचं गजकर्ण

मुकुंदवाडीच्या आशाबाई मांजरीच्या पिल्लाला मलम लावून पार वैतागल्या होत्या. कानामागचा चट्टा बरा झाला की पाठीवर दुसरा उठायचा. "गजकर्ण हाय ते, लांब करमाडला सोडून येतो," यजमान काकासाहेब उठताबसता म्हणायचे. शेवटी आशाबाईंनी पिल्लू पुन्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंपुढं ठेवलं. "तुमच्या औषधाला गुणच नाय!" "हे झोपतं कुठं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "ह्यांच्याजवळ. दिवसभर त्याला शिव्या घालतेत, अन् रातच्याला कुशीत घेतल्याबिगर झोप येत नाय." बाहेर स्कूटरवर बसलेल्या काकासाहेबांना आत बोलावून बाईंनी सदरा वर करायला लावला. पोटावर तळहाताएवढा लाल चट्टा होता, खाजवून खाजवून सोललेला. "काका, पिल्लाला बहुतेक तुमच्याकडूनच परत होतंय. आधी तुम्ही कातडीच्या डॉक्टरांकडं जा." आशाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. ओशाळलेल्या काकासाहेबांनी पिल्लू उचलून पोटाशी धरलं. आशाबाई ओरडल्या, "अहो, ते खाली ठेवा!"