मागचं दार

गवंड्याने शेवटची वीट बसवली, थापीच्या दांड्याने हलकेच ठोकली आणि दोन पावलं मागे सरकला.

"झालं मालक. पण शेजारची म्हातारी आता जाणार कुठून?"

"वळसा घालून जाईल. बाहेर जागा काय कमी आहे?" असं म्हणत मालकाने बायकोला फोन लावला आणि ती पडद्यावर दिसताच भिंतीसमोर धरला.

परदेशातल्या खेड्यात घर घ्यायचं खूळ त्याचंच. गवंडी तेवढा आपल्याकडचा मिळाला होता. निवृत्त झाला आणि गळक्या छपराचं, वाकड्या खिडक्यांचं हे जुनं घर गळ्यात बांधून घेतलं. बायको एकदा येऊन राहिली. मग लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती तिकडेच रमली. जाताना बजावलं होतं, "सकाळ झाली की ती शेजारीण पुढच्या दाराने आत येते आणि आपल्या स्वयंपाकघरातून मागच्या दाराने निघून जाते. घर आहे की धर्मशाळा? ते दार बुजवा, मग येते."

शेजारणीचं खुराडं घरामागच्या चढावर होतं. आधीच्या मालकाच्या वेळेपासून तिची वाट इथूनच. चिखलाच्या गमबुटांनी यायची, त्याच्या पातेल्यात डोकावून "करपलं" म्हणायची आणि परतताना टेबलावर दोन अंडी ठेवायची. इथली भाषा त्याला जेमतेमच यायची, त्यातला हा शब्द मात्र पक्का झाला होता. फरशी पुसताना तो रोज करवादायचा.

"बघ, बुजवलं," तो फोनमध्ये म्हणाला. "आता तिकीट काढू ना तुझं?"

"छान झालंय हो," बायको म्हणाली. मांडीवर बाळ चुळबुळत होतं. "पण लेकीची रजा संपतेय. मी निघाले तर याच्याकडे कोण बघणार? पुढच्या वर्षी बघू."

"अगं, दार बुजवलं की येते म्हणाली होतीस."

तिने बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "अहो, काहीतरी कारण सांगायचं म्हणून बोलले मी. तुम्ही लगेच मनावर घ्याल असं वाटलं नाही. त्या घरात मला करमत नाही." बाळाने भोकाड पसरलं. "ठेवते. जेवून घ्या वेळेवर."

तो फोन हातात धरून उभा राहिला. वर्षभर हे घर तो तिच्यासाठी उभं करत होता, आणि आता एवढ्या घरात तो एकटाच राहणार होता.

तेवढ्यात पुढचं दार कुरकुरलं. शेजारीण दाण्यांची पाटी घेऊन नेहमीसारखी आत आली आणि स्वयंपाकघर ओलांडून थेट भिंतीशी जाऊन थांबली. एक बोट सिमेंटला लावून पाहिलं आणि ते ओलं बोट पाटीखाली लपवलं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "थंडी फार यायची इथून."

पातेल्याकडे तिने पाहिलंही नाही. आली तशी वळली आणि बाहेर पडली. मग घराच्या कडेने तिची पावलं ऐकू आली, सावकाश, चढावर दम घेत. बुजवलेल्या दाराच्या पलीकडून ती न थांबता पुढे गेली.

गवंड्याने थापी धुतली आणि कोपऱ्यातलं फडकं उचललं. चिखलाची पावलं भिंतीपर्यंत गेली होती आणि तिथूनच परत फिरली होती.

"पुसून घेतो, मालक."

"राहू दे ते." तो भिंतीजवळ गेला. "सिमेंट ओलं आहे तोवर विटा हाताने निघतील ना?"

"निघतील की. पण आत्ताच तर लावल्या."

"म्हणून तर विचारतोय," तो म्हणाला आणि बाह्या सारू लागला.