मोताळ्याहून दोघे

पुण्याच्या त्या पत्राला ग्रंथपाल भाऊरावांनी तीन आठवडे उत्तर दिलं नव्हतं. इंटरनेटवरचा तो नवाच प्रयोग होता: व्याख्यान पुण्याहून एकदाच सुटायचं आणि जोडलेल्या सगळ्या कॉलेजांत एकाच वेळी पोचायचं. पत्रात लिहिलं होतं, 'मोताळ्याहून दोघे जोडलेले दिसतात. दुसरा सारखा खोकतो, ते सगळीकडे ऐकू जातं. त्याचं नाव कळवा, कारवाई करू.'

मोताळ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर एकच होता. त्या खोलीची एक किल्ली भाऊरावांकडे आणि दुसरी शिपाई शेषरावाकडे असे. नाव कळवलं तर त्याची नोकरी जाणार होती, आणि न कळवून संशय काही जात नव्हता.

त्या गुरुवारी भाऊरावांनी त्याला समोरच बसवलं. व्याख्यान सुरू झालं आणि स्पीकरमधून खोकला आला. दोन आखूड, एक लांब.

"मले काऊन पाहून राह्यले, सर?" शेषराव म्हणाला. "माह्या तोंडात तं सुपारी हाय."

भाऊरावांनी कॉम्प्युटरला जोडलेली टेलिफोनची वायर उपटली. व्याख्यान थांबलं. खोकला थांबला नाही.

शेषराव हळूच उठून दारापाशी गेला. "आता कोन खोकलून राह्यलं, सर?"

भाऊरावांना स्वतःच्या संशयाची लाज वाटली. खरं लिहून पुण्यात कोणी मानलं नसतं; खोटंच लिहायचं, तर त्यात निदान कोणाच्या पोटावर पाय येऊ नये, म्हणून त्यांनी लिहिलं, 'तो दुसरा मीच आहे. क्षमस्व.'

बसस्टँडजवळच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट सोडलं. ते तळाशी पडल्याचा आवाज आला, आणि भाऊरावांचा घसा एकाएकी खवखवला.

दोन आखूड, एक लांब.